टायफॉइडवरची औषधं एकामागोमाग निकामी कशी झाली? सिंधमधल्या साथीची गोष्ट आणि आपल्यासाठी धडा

ताप आला की आधी एक-दोन दिवस अंगावर काढायचा. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'तापाच्या गोळ्या द्या, जरा स्ट्राँग' म्हणून पट्टी आणायची. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात जातात. पुढच्या वेळी घरात दुसऱ्या कुणाला ताप आला की तीच पट्टी पुन्हा बाहेर निघते.

अनेक घरांत हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. 'माझं शरीर, माझी गोळी, दुसऱ्याला काय त्रास?' असा साधा हिशोब त्यामागे असतो.

हा हिशोब कुठे चुकतो हे समजून घ्यायचं असेल, तर पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ साली सुरू झालेल्या टायफॉइडच्या साथीकडे पाहावं लागेल. एका जुन्या, ओळखीच्या आजारावरची पाच प्रकारची औषधं या साथीत एकाच वेळी निरुपयोगी ठरली.

हैदराबादमध्ये नेमकं काय घडलं?

हैदराबाद हे सिंधमधलं कराचीनंतरचं दुसरं मोठं शहर. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस इथल्या रुग्णांच्या रक्ततपासणीत टायफॉइडचे असे जिवाणू सापडायला लागले, जे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकला दाद देत नव्हते.

डॉक्टरांसाठी ही धोक्याची घंटा होती. गोळ्यांनी टायफॉइड आटोक्यात येत नसेल, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन हा भरवशाचा उपाय मानला जायचा. त्याला न जुमानणारे एखाद-दुसरे रुग्ण जगात आधीही सापडले होते, पण अशा जिवाणूंची एवढी मोठी साथ कधी आली नव्हती.

डिसेंबर २०१७ पर्यंत एकट्या हैदराबादमध्ये असे ४८६ रुग्ण नोंदवले गेले. त्यात लहान मुलांची संख्या मोठी होती. शहरातल्या लतिफाबाद आणि कासिमाबाद या भागांत साथीचा जोर जास्त होता. मग ती कराचीत पोहोचली.

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकडेवारीनुसार, १ नोव्हेंबर २०१६ ते ९ डिसेंबर २०१८ या काळात सिंधमध्ये टायफॉइडचे ८,१८८ रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या ५,२७४ जणांना हा औषधांना न जुमानणारा टायफॉइड होता. यातले ६९ टक्के रुग्ण कराचीतले होते.

या प्रकाराला 'एक्सडीआर टायफॉइड' असं नाव पडलं. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-सेफिक्झिमच्या गटातली औषधं, अशा पाचही प्रकारांना हे जिवाणू पुरून उरत होते.

डॉक्टरांच्या हातात दोनच पर्याय उरले. एक, अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी किंवा सिरप. दुसरं, मेरोपेनेमसारखं शिरेतून द्यावं लागणारं महागडं इंजेक्शन.

हा फरक घरच्यांच्या दृष्टीने किती मोठा आहे, ते पाहा. जो आजार आधी घरी राहून गोळ्यांनी बरा व्हायचा, त्यासाठी आता लहान मुलाला हॉस्पिटलमध्ये भरती करून दिवसातून तीन-तीन वेळा शिरेतून औषध द्यायची वेळ येते. खाटेचं भाडं, औषधांचं बिल आणि आई-वडिलांचा बुडालेला रोजगार हा सगळा खर्च त्यात आला.

टायफॉइड होतो कसा?

आपल्याकडे जुनी माणसं टायफॉइडला 'मुदतीचा ताप' म्हणतात. तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय हा ताप उतरत नाही, असा अनुभव होता म्हणून हे नाव पडलं. 'विषमज्वर' हे त्याचं पुस्तकी नाव.

साल्मोनेला टायफी नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. हा जिवाणू फक्त माणसाच्या शरीरात मुक्काम करतो. रुग्णाच्या मलमूत्रातून तो बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातो. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात.

यात आणखी एक अडचण आहे. संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण २ ते ५ जणांच्या पित्ताशयात हे जिवाणू दीर्घकाळ तळ ठोकतात. अशा माणसाला स्वतःला काहीच त्रास होत नाही, पण त्याच्या मलातून जिवाणू बाहेर पडत राहतात.

अँटिबायोटिक्स येण्याआधी टायफॉइड झालेल्या शंभरातले १० ते २० रुग्ण दगावायचे. योग्य औषध वेळेवर मिळालं तर आज हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं. औषधं निकामी होणं म्हणजे त्या जुन्या दिवसांकडे परत सरकणं.

एकेक औषध हातातून कसं निसटलं?

टायफॉइडवरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल. १९४८ पासून ते टायफॉइडसाठी वापरात आलं आणि मुदतीच्या तापाची भीती एकदम कमी झाली.

पण १९७२ साली मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ आली. त्याच वर्षी केरळमधल्या कोझिकोडमध्येही असे जिवाणू सापडले. मग डॉक्टर अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोलकडे वळले.

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय उपखंडात या तिन्ही औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. त्याला 'एमडीआर टायफॉइड' म्हणतात. त्यावर उतारा म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. ते स्वस्त होतं, गोळीच्या रूपात मिळायचं आणि लवकर गुण द्यायचं.

१९९०च्या दशकातच सिप्रोफ्लॉक्सासिनचाही प्रभाव कमी व्हायला लागला. आज दक्षिण आशियातल्या टायफॉइडच्या बहुतांश जिवाणूंवर ते नीट काम करत नाही.

मग पाळी आली सेफिक्झिमच्या गोळ्यांची आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनची. तीही २०१६ मध्ये सिंधमध्ये तोकडी पडली.

थोडक्यात, दर वेळी एक औषध गेलं की त्याच्या जागी नवं औषध आलं. पण जिवाणू पसरण्याचा मार्ग तोच राहिला, दूषित पाण्याचा.

रेझिस्टन्स म्हणजे काय? सवय शरीराला होते की जिवाणूला?

'सारखी औषधं घेतली की शरीराला त्यांची सवय होते आणि मग ती लागू पडत नाहीत,' असं सर्रास बोललं जातं. अँटिबायोटिक्सच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे.

बदल होतो तो जिवाणूंमध्ये. आपल्या शरीरात एकाच वेळी कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांची संख्या वाढताना त्यांच्या जनुकांमध्ये छोटे-मोठे बदल होत राहतात. एखाद्या बदलामुळे एखादा जिवाणू औषधाच्या माऱ्यातून वाचू शकतो.

अँटिबायोटिक घेतलं की साधे जिवाणू मरतात आणि असा चिवट जिवाणू मागे उरतो. स्पर्धा संपल्यामुळे त्याला वाढायला मोकळं रान मिळतं. थोड्या दिवसांनी त्या जागी फक्त त्याचीच प्रजा दिसते.

म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यालाही एक्सडीआर टायफॉइड होऊ शकतो. दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात तयार झालेला चिवट जिवाणू पाण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचला, एवढं त्यासाठी पुरेसं असतं.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानातच हा इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जिवाणू मरण्याऐवजी त्या औषधाला तोंड द्यायला शिकतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

सिंधमधल्या जिवाणूला ही ताकद कुठून मिळाली?

या साथीतल्या जिवाणूंच्या जनुकांचा अभ्यास पाकिस्तानातल्या आगा खान विद्यापीठातल्या आणि ब्रिटनमधल्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सिंधमध्ये एमडीआर टायफॉइडचा जिवाणू आधीपासून होताच. त्याच्याकडे एक 'प्लाझमिड' आलं. प्लाझमिड म्हणजे जनुकांची छोटी गोल कडी. जिवाणू अशी कडी एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फॉरवर्ड करावा, तशी ही माहिती पुढे जाते.

या कडीवर एक विशेष जनुक होतं. त्याच्या मदतीने जिवाणू एक एन्झाइम तयार करतो आणि ते एन्झाइम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा रेणू तोडून टाकतं. औषध आपलं काम करण्याआधीच निकामी होतं.

ही कडी बहुधा ई. कोलाय या जिवाणूकडून आली असावी, असं या अभ्यासात दिसलं. ई. कोलायचे अनेक प्रकार आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात.

इथेच फ्रीजवरच्या डब्यातल्या गोळ्यांचा संबंध लागतो. सर्दीसाठी किंवा साध्या जुलाबासाठी विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक पोटातल्या ई. कोलायसारख्या जिवाणूंवरही मारा करतं. त्यांच्यातले चिवट जिवाणू टिकतात आणि औषधाला तोंड देण्याचं जनुक त्यांच्याकडे जपून राहतं. पुढे कधी तरी टायफॉइडचा जिवाणू त्यांच्या शेजारी आला, तर ते जनुक त्याच्या हाती लागू शकतं.

म्हणजे ज्या गोळीचा टायफॉइडशी काहीही संबंध नव्हता, तीही पुढच्या टायफॉइडला बळ देऊ शकते. आणि तो टायफॉइड शेजारच्या घरातल्या मुलाला होऊ शकतो.

साथ पसरली ती गटाराच्या वाटेने

हैदराबादमध्ये संशोधकांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली. तेव्हा सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या आजूबाजूला रुग्णांचे घोळके दिसले.

पिण्याच्या पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन जवळजवळून जात असेल, पाइप जुने आणि फुटके असतील, तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. दिवसातून काही तासच पाणी येत असेल, तर धोका वाढतो. नळ बंद असताना पाइपमधला दाब कमी होतो आणि फटींमधून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. नळाला पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

चिवट जिवाणू तयार होणं आणि तो पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अँटिबायोटिक्सचा बेसुमार वापर जबाबदार असतो. दुसरीला पाणी, संडास आणि गटारांची दुरवस्था. सिंधमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

हे जिवाणू एका देशापुरते थांबत नाहीत. सिंधमध्ये जाऊन आलेल्या प्रवाशांमार्फत एक्सडीआर टायफॉइड ब्रिटन आणि अमेरिकेत पोहोचला. अमेरिकेत तर २०२१ पर्यंत असेही काही रुग्ण सापडले, ज्यांनी परदेश प्रवासच केला नव्हता.

मग उपाय काय सापडला?

या साथीवर कुठलं नवं अँटिबायोटिक आलं नाही. मोठा आधार मिळाला तो लसीचा. ही लस होती भारतात तयार झालेली.

तेलंगणातल्या हैदराबादमधल्या भारत बायोटेक कंपनीची 'टाइपबार टीसीव्ही' ही टायफॉइडची नव्या प्रकारची लस. जुन्या लशी दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये नीट काम करत नव्हत्या. ही लस मात्र सहा महिन्यांच्या बाळालाही देता येते आणि एकच डोस पुरतो. डिसेंबर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली.

२०१८ मध्ये सिंधमधल्या हैदराबादच्या साथग्रस्त भागांत ६ महिने ते १० वर्षं वयाच्या सुमारे २ लाख ७ हजार मुलांना ही लस देण्यात आली. एका हैदराबादमध्ये तयार झालेली लस दुसऱ्या हैदराबादमधल्या मुलांच्या कामी आली.

तिथे झालेल्या अभ्यासात रक्ताच्या कल्चरने सिद्ध झालेल्या टायफॉइडविरुद्ध ही लस ९५ टक्के परिणामकारक ठरली. एक्सडीआर प्रकाराविरुद्ध हे प्रमाण ९७ टक्के होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने ही लस आपल्या नियमित लसीकरणात आणायला सुरुवात केली. असं करणारा तो जगातला पहिला देश ठरला आणि सुरुवात सिंधपासून झाली.

लसीमुळे एक्सडीआर टायफॉइड पाकिस्तानातून नाहीसा झालेला नाही. पण लस घेतलेलं मूल आजारीच पडलं नाही, तर त्याला अँटिबायोटिक द्यायची वेळ येत नाही. जिवाणूला नवं घर मिळत नाही आणि चिवट होण्याची संधीही मिळत नाही. रेझिस्टन्सविरुद्धच्या लढाईत लसीचं महत्त्व आहे ते यामुळे.

महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत ही नवी लस मोठ्या प्रमाणावर देण्याचा जगातला सुरुवातीचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांसाठी मोहीम घेतली. पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख १३ हजार मुलांना लस मिळाली.

धोका मात्र शेजारी येऊन ठेपलाय. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या गटाला दाद न देणारे टायफॉइडचे जिवाणू मुंबईतल्या रुग्णांमध्येही सापडले असून त्याबद्दलचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जिवाणू सिंधमधून आलेले नव्हते. त्यांच्याकडची जनुकांची कडी वेगळी होती. म्हणजे तशीच घटना इथे स्वतंत्रपणे घडली होती.

एक दिलासा देणारी गोष्टही आहे. भारतात टायफॉइडसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्साझोलचा वापर कमी झाल्यानंतर, त्या जुन्या औषधांना दाद देणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण पुन्हा वाढलंय. औषधाला विश्रांती मिळाली तर काही वेळा ते पुन्हा उपयोगी पडू शकतं. पण दर वेळी असं होईलच याची खात्री देता येत नाही. सिंधमधल्या जिवाणूकडे तर नव्या-जुन्या औषधांविरुद्धची जनुकं एकत्रच होती.

अ‍ॅझिथ्रोमायसिनची काळजी का वाटते?

एक्सडीआर टायफॉइडवर उरलेली एकमेव गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. हे नाव कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलं. कोरोना हा विषाणूचा आजार, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही. तरीही असंख्य रुग्णांना या गोळ्या दिल्या गेल्या.

भारतातल्या औषधविक्रीच्या एका अभ्यासानुसार, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नेहमीपेक्षा सुमारे ३ कोटी ८० लाख जास्तीचे डोस विकले गेले.

दुसरीकडे, अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही तोंड देणारा टायफॉइड बांगलादेशात सापडला. तो कोणत्या जनुकीय बदलामुळे तयार झाला, हे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. असा बदल एक्सडीआर जिवाणूंमध्ये पसरला, तर टायफॉइडसाठी घरी घेता येईल अशी एकही भरवशाची गोळी उरणार नाही.

'विडाल' की 'कल्चर'? कोणती टेस्ट महत्त्वाची?

आपल्याकडे ताप लांबला की 'विडाल' टेस्ट केली जाते. १८९६ पासूनची ही टेस्ट रक्तातल्या अँटिबॉडीज मोजते. मागे कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा दुसराच एखादा संसर्ग झाला असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे टायफॉइड नसतानाही अनेकांना टायफॉइडची औषधं सुरू होतात.

शिवाय कोणतं औषध लागू पडेल, हे विडालवरून कळत नाही. ते कळतं ब्लड कल्चरमधून. यात रुग्णाच्या रक्तातले जिवाणू लॅबमध्ये वाढवले जातात आणि त्यांच्यावर वेगवेगळी औषधं तपासून पाहिली जातात.

कल्चरच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं. 'एस' म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देतो. 'आर' म्हणजे दाद देत नाही. 'आय' म्हणजे मधली स्थिती. हा रिपोर्ट पाहून नेमकं औषध निवडण्याचं काम डॉक्टरांचं.

कल्चरच्याही मर्यादा आहेत. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि टायफॉइड असलेल्या प्रत्येकाच्या रक्तात जिवाणू सापडतातच असं नाही. साधारण निम्म्या रुग्णांमध्येच ते हाती लागतात. त्यात रुग्णाने आधीच मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेतलं असेल, तर जिवाणू सापडण्याची शक्यता आणखी घटते. म्हणून रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या घेतल्या, हे डॉक्टरांना न लपवता सांगावं.

कायदा काय सांगतो?

अँटिबायोटिक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला भारतात परवानगी नाही. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम अशी अनेक औषधं १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं आणि ही नोंद तीन वर्षं जपून ठेवायची असते.

अशी औषधं ओळखता यावीत म्हणून पट्टीवर उभी लाल रेघ असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेबद्दल जनजागृती मोहीमही सुरू केली होती. लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

प्रत्यक्षात चिठ्ठी न मागता औषध देणारी दुकानं आहेत आणि चिठ्ठीशिवाय औषध मागणारी गिऱ्हाइकंही. डॉक्टरांची फी आणि दवाखान्यातली रांग टाळण्यासाठी लोक थेट मेडिकल गाठतात. हातावर पोट असलेल्या माणसाला एक दिवस कामावर खाडा परवडत नाही, हेही त्यामागचं खरं कारण आहे. त्यामुळे फक्त लोकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. जवळ आणि स्वस्तात तपासणी मिळणं, नळाला स्वच्छ पाणी येणं आणि लस उपलब्ध असणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे?

टायफॉइड हे फक्त एक उदाहरण झालं. लघवीच्या जागेचा संसर्ग, न्यूमोनिया, जखमेत होणारा पू, नवजात बाळांमधला रक्तसंसर्ग, अशा अनेक ठिकाणी हीच अडचण दिसते.

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. एकूण ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता.

आपण काय करू शकतो?

* सर्दी, खोकला, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंमुळे होणारे आजार आहेत. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पावसाळ्यात ताप आला म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका.

* ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा सोबत पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, ग्लानी अशी लक्षणं असतील, तर डॉक्टरांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत वाट पाहू नका.

* डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल, तर ते कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायचं आहे, हे विचारून घ्या. सांगितलेली मात्रा आणि दिवस पाळा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलेला टायफॉइड पुन्हा उलटू शकतो.

* उरलेल्या गोळ्या साठवू नका आणि दुसऱ्याला देऊ नका. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.

* टायफॉइडची शंका असेल, तर ब्लड कल्चर करायचं का, हे औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

* पाणी उकळून किंवा क्लोरीन वापरून शुद्ध करा. संडासला जाऊन आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. उघड्यावरचं कापलेलं फळ आणि बाहेरचा बर्फ टाळा.

* टायफॉइडची नवी लस बाळाला सहा महिन्यांनंतर देता येते. आपल्या मुलाला ती मिळाली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

* नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी येत असेल, तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडे तक्रार करा. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या लोकांनी मिळून केलेली तक्रार लवकर ऐकली जाते.

सिंधमध्ये ज्या मुलांना एक्सडीआर टायफॉइड झाला, त्यांच्या आई-वडिलांनी औषधांचा गैरवापर केला होता असं नाही. ती मुलं फक्त त्या शहराचं पाणी प्यायली होती. चिवट जिवाणू कुणाच्या पोटात तयार झाला, हे कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक विनाकारण टाळलेली गोळी आणि प्रत्येक दुरुस्त झालेली पाण्याची लाइन ही कुणा अनोळखी घरातल्या मुलासाठीची काळजी असते. ते मूल उद्या आपल्या घरातलंही असू शकतं.